आधीची फिल्म कुठे आहे? : मणक्याचा संधिवात आणि रुग्णालयाचे दप्तर

(रुग्णालयाच्या वर्धापनदिनी विश्वस्त मंडळ, वैद्यकीय व परिचर्या विभाग, देणगीदार आणि हितचिंतक यांच्यासमोर प्रशासन विभागाच्या वतीने केलेले भाषण)



वर्धापनदिनी प्रशासनाने बोलावयाचे म्हणजे जमाखर्चाविषयी बोलावयाचे, असा आपल्याकडे प्रघात आहे. यंदाचा ताळेबंद या अहवालाच्या अखेरीस छापलेला आहे आणि लेखापरीक्षकांनी त्यावर आपला अभिप्राय दिला आहे. त्यात आम्ही तोंडी भर घालण्याजोगे काही नाही. म्हणून आज वेगळा विषय घेतला आहे. मणक्याचा एक दीर्घकालीन संधिवात आणि त्याची वर्षानुवर्षे काढावी लागणारी चित्रे, हा तो विषय. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. या विषयात आमचा अधिकार काय, असे डॉक्टर मंडळींच्या मनात येणे साहजिक आहे. अधिकार काहीच नाही. परंतु या बाबतीत प्रशासनाच्या हातून एक चूक घडलेली आहे, आणि ती ज्यांच्या हातून घडली त्यांनीच सांगावी हे उचित. विषयाची वैद्यकीय बाजू आमच्या संधिवाततज्ज्ञांनी व क्ष-किरणतज्ज्ञांनी आम्हांस वेळोवेळी समजावून दिली. सांगण्यात उणीव राहिल्यास ती आमची समजावी.

अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस हे या आजाराचे रूढ नाव. रशियात बेख्तेरेव, जर्मनीत स्ट्रुम्पेल आणि फ्रान्समध्ये पिएर मारी यांनी १८९३ ते १८९८ या काळात त्याची वर्णने प्रसिद्ध केली. नेमक्या याच काळात, नोव्हेंबर १८९५ मध्ये, रोंटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. आजार आणि त्याला पाहण्याचे साधन दोन्ही एकाच दशकात जगापुढे आले खरे, परंतु त्या साधनाने हा आजार पद्धतशीरपणे पाहिला जाण्यास १९३० चे दशक उजाडावे लागले.

आजार सुरू होतो तो बहुधा विशीत-तिशीत. पहाटे कंबर जखडते, रात्रीच्या उत्तरार्धात दुखण्याने जाग येते, आणि विशेष म्हणजे पडून राहिल्याने दुखणे वाढते व हालचाल केल्यावर कमी होते. आपल्याकडे अशा तरुणास पहिल्यांदा सांगितले जाते की 'मणक्यात गॅप आहे' किंवा 'नस दबली आहे'. कोणी पट्टा बांधतो, कोणी वजन लावून झोपवतो, कोणी पूर्ण विश्रांती सांगतो. ही शेवटची गोष्ट तर या आजाराच्या अगदी उलट दिशेची. योग्य निदान होईपर्यंत सरासरी पाच वर्षांहून अधिक काळ जातो, असे निरनिराळ्या देशांतील पाहण्यांत आढळले आहे. १९७३ साली एचएलए-बी२७ या आनुवंशिक खुणेशी या आजाराचे घट्ट नाते असल्याचे सिद्ध झाले. तथापि ही खूण असलेल्या बहुसंख्य माणसांना आजार कधीच होत नाही, म्हणून केवळ त्या रक्ततपासणीवर निदान उभे राहत नाही. कण्याचा तळाचा त्रिकोणी भाग कमरेच्या हाडांना जेथे जुळतो त्या दोन सॅक्रोइलियक सांध्यांचे चित्र पाहावेच लागते. १९८४ साली सुधारलेल्या न्यूयॉर्क निकषांत या सांध्यांच्या क्ष-किरण चित्राला शून्य ते चार अशी प्रतवारी देण्यात आली, आणि ती प्रतवारी आजही वापरात आहे.

येथपर्यंत निदानाची गोष्ट झाली. आमचा विषय त्यानंतरचा आहे.

या आजारात दोन गोष्टी घडतात. स्नायुबंध जेथे हाडाला चिकटतात तेथे दाह होतो. हा दाह ओसरताना तेथे नवीन हाड वाढू लागते. एका मणक्याच्या कोपऱ्यातून निघालेला हाडाचा काटा दुसऱ्या मणक्याकडे सरकतो, आणि काही वर्षांनी दोहोंमध्ये पूल तयार होतो. असे पूल ओळीने झाले की कणा चित्रात बांबूसारखा दिसतो आणि माणसाला मान वळविण्यासाठी सगळे अंग वळवावे लागते. दाह औषधाने आटोक्यात येतो. झालेला पूल मात्र औषधाने मोडत नाही. काहींच्या कण्यात हे काम झपाट्याने होते, काहींच्या कण्यात दहा वर्षांतही फारसे होत नाही. कोणाचे कोणत्या गतीने होणार, हे समोरचा माणूस पाहून सांगता येत नाही. आधीच काही काटे असलेल्यांना, रक्तात दाहाचे प्रमाण जास्त असलेल्यांना आणि धूम्रपान करणाऱ्यांना धोका अधिक असतो, एवढे अभ्यासांतून दिसते. (विडी ओढणाऱ्या रुग्णांना आमचे समाजसेवा अधिकारी हे सांगतात; त्याचा परिणाम किती होतो, तो भाग निराळा.)

गती मोजण्याची जी पद्धत जगभर मान्य झाली आहे, ती आम्हांस पहिल्याच दिवशी आवडली, कारण तिची मांडणी खतावणीसारखी आहे. मान आणि कंबर यांची बाजूने काढलेली दोन चित्रे घ्यावयाची. मणक्यांचे पुढचे कोपरे मोजावयाचे. मानेचे बारा आणि कमरेचे बारा, असे चोवीस. कोपरा निर्दोष असेल तर शून्य; झिजलेला, कडक किंवा चौकोनी झालेला असेल तर एक; काटा फुटला असेल तर दोन; पूल पूर्ण झाला असेल तर तीन. जास्तीत जास्त बेरीज बहात्तर. एमसॅस या संक्षिप्त नावाने ही पद्धत ओळखली जाते. नेदरलँड्स, बेल्जियम व फ्रान्समधील रुग्णांच्या बारा वर्षांच्या पाठपुराव्यात ही बेरीज सरासरीने वर्षाला जेमतेम एका गुणाने वाढल्याचे आढळले. म्हणजे दोन वर्षांत दोन गुण. इतका सूक्ष्म फरक ओळखावयाचा म्हणून दोन चित्रांत किमान दोन वर्षांचे अंतर ठेवतात. त्याहून आधी पाहिल्यास दिसणारा फरक रोगाचा की वाचणाऱ्याच्या नजरेचा, हे ठरविणे अवघड होते. संशोधनात तर दोन तज्ज्ञ स्वतंत्रपणे वाचतात आणि पुष्कळदा कोणते चित्र आधीचे व कोणते नंतरचे हे त्यांच्यापासून झाकून ठेवतात, कारण नंतरचे चित्र माहीत असले की डोळे वाढ शोधू लागतात. लेखापरीक्षेत इतकी कडक शिस्त आम्ही पाहिलेली नाही.

आता चूक.

२००९ सालच्या पावसाळ्यात मालवाहू टेम्पो चालविणारे एक गृहस्थ आमच्या बाह्यरुग्ण विभागात आले. वय छत्तीस. पुण्याहून महिन्यातून एकदा येणाऱ्या संधिवाततज्ज्ञांनी त्यांना तपासले, नवे चित्र काढवून घेतले, आणि कमरेच्या मणक्यांवर तीन-चार काटे दाखविले. मग त्यांनी रेकॉर्ड रूमच्या कारकुनांना बोलावून विचारले, "काका, यांची आधीची फिल्म कुठे आहे?" गृहस्थ स्वतःच म्हणाले, "साहेब, पहिला फोटो इथंच काढलाय की, दोन सालात. कागद हाय माझ्याकडं." कागद खराच होता. घडीवर फाटलेला, पण आमच्याच शिक्क्याचा, २००२ सालचा. केसपेपर क्रमांकही जुळला. फिल्म मात्र नव्हती.

ती विकली गेली होती. जुन्या ओल्या प्रक्रियेच्या फिल्ममध्ये चांदी असते, हे आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. हायपोच्या द्रावणातही ती उतरते आणि वापरलेल्या फिल्ममध्येही राहते. शहरांतून फिल्म किलोवर विकत घेणारे व्यापारी येत. रेकॉर्ड रूममधील मांडण्या ओसंडून वाहत होत्या, पिवळ्या पडलेल्या फिल्म एकमेकींना चिकटत होत्या, आणि वाळवीचा उपद्रव निराळाच. २००७ साली आम्ही विश्वस्त मंडळापुढे टिपण ठेवले की, पाच वर्षांपूर्वीच्या सर्व फिल्म निकाली काढाव्यात. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांत आंतररुग्णांची कागदपत्रे तीन वर्षे ठेवावीत असे म्हटले आहे. आपण तर पाच वर्षे ठेवीत होतो, आणि हे तर बहुतांशी बाह्यरुग्ण. टिपणात ही गोष्ट आम्ही मोठ्या समाधानाने नमूद केली होती. ठराव एकमताने संमत झाला. 'इतर उत्पन्न' या शीर्षाखाली ती रक्कम त्या वर्षीच्या ताळेबंदात दिसते, आणि लेखापरीक्षकांनी अनुत्पादक वस्तूंच्या विनियोगाबद्दल प्रशासनाचे कौतुकही केले होते. ते टिपण आमच्याच हस्ताक्षरातले आहे.

याचा परिणाम काय झाला, ते नीट सांगितले पाहिजे. २००६ साली मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, आणि बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. त्या काळी या आजारावरची जैविक इंजेक्शने एका रुग्णासाठी वर्षाला लाखांच्या घरात जात. डिसेंबर २०१४ मध्ये भारतीय बनावटीचे अ‍ॅडॅलिम्युमॅब बाजारात आल्यावर किमती उतरू लागल्या. २००९ साली ती सोय नव्हती. मदतीच्या रकमेत जेमतेम एकाच रुग्णाला इंजेक्शने देता येणार होती, आणि यादीत एकाहून अधिक नावे होती. संधिवाततज्ज्ञ म्हणाले की, २००२ च्या फिल्मवर हे काटे असतील तर सात वर्षांत विशेष काही घडले नाही असे समजून आपण थांबू शकतो. तेव्हाचा कणा स्वच्छ असेल तर मात्र यांचा क्रमांक पहिला. "आज कण्याची स्थिती काय आहे हे मी सांगू शकतो, तो कोठे निघाला आहे हे नाही," असे त्यांचे शब्द आम्हांस आठवतात. ताळेबंदात चालू वर्षाच्या आकड्यांशेजारी मागील वर्षाचा रकाना कशासाठी असतो, हे आम्हांला कोणी शिकविण्याची गरज नव्हती. तरीही फिल्म विकताना तो रकाना आमच्या ध्यानी आला नाही.

त्या गृहस्थांना दाहशामक गोळ्या आणि व्यायाम सुरू झाले. ते उपचार योग्यच होते. आजही प्रथम तेच दिले जातात. इंजेक्शन दुसऱ्या रुग्णास गेले. दोन वर्षांनी, २०११ मध्ये, पुन्हा चित्रे काढली तेव्हा मानेत दोन पूल पूर्ण झालेले होते. मग क्षयाची तपासणी करून निधीतून त्यांनाही इंजेक्शने देण्यात आली. (ही औषधे सुप्त क्षय जागा करू शकतात, म्हणून आपल्या देशात छातीचे चित्र व क्षयाची चाचणी यांवाचून ती सुरू करीत नाहीत.) दुखणे कमी झाले, पहाटेची जखडण गेली. मान मात्र वळेना. टेम्पोला मोठे आरसे लावून त्यांनी आणखी वर्षभर गाडी चालविली, आणि मग सोडली. २००२ ची फिल्म असती तर निराळे घडले असते काय? संधिवाततज्ज्ञांनी तसे कधीही म्हटले नाही. आम्हीही तसे सिद्ध करू शकत नाही. सिद्ध करण्याचे साधनच आम्ही किलोवर विकले होते.

त्या वर्षापासून आमच्या कार्यालयाने या विषयाची माहिती करून घेण्यास आरंभ केला. त्यात ब्रिटनमधील एक जुनी हकीकत आमच्या वाचनात आली. विसाव्या शतकाच्या मध्याला या आजारावर क्ष-किरणांचाच उपचार करीत. कण्यावर किरण सोडले की वेदना थांबत, आणि हजारो रुग्णांना तो उपचार मिळाला. पुढे कोर्ट ब्राउन आणि डॉल या दोन संशोधकांनी ऐंशीहून अधिक केंद्रांतील चौदा हजारांच्या आसपास रुग्णांचा शोध घेतला, तेव्हा त्यांच्यात रक्ताच्या कर्करोगाचे प्रमाण वाढल्याचे दिसून आले. १९५७ साली हे प्रसिद्ध झाले आणि किरणोत्सर्गाच्या धोक्याविषयीच्या पायाभूत अभ्यासांत त्याची गणना होते. डॉक्टर मंडळी या हकीकतीतून किरणांचा धोका शिकतात. आम्हांस तिच्यात दुसरीच गोष्ट दिसली: त्या ऐंशी केंद्रांतील कारकुनांनी दहा-वीस वर्षांपूर्वीची कागदपत्रे जपून ठेवली होती.

धोक्याचा भाग अर्थातच सोडून देता येत नाही. कमरेच्या एका चित्रात छातीच्या चित्राच्या कितीतरी पट किरणोत्सर्ग लागतो, आणि सीटी स्कॅनला त्याहून अधिक. कमी मात्रेच्या सीटीने संपूर्ण कण्याचे काटे अधिक बारकाईने मोजता येतात, असे अलीकडच्या संशोधनात दिसले आहे. परंतु ते अजून संशोधनाच्याच कक्षेत अधिक आहे. युरोपीय संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ साली दिलेल्या शिफारशींतही कण्याची क्ष-किरण चित्रे दोन वर्षांतून एकदाहून अधिक काढू नयेत असे म्हटले आहे. आमच्याकडे मात्र रुग्ण जुनी फिल्म घरी विसरला की 'चला, नवीन काढून टाकू' असे सर्रास होत असे. फिल्म हरवण्याची किंमत रुग्णाच्या अंगावर पडते, ती अशीही.

एमआरआयचे काम वेगळे. त्यात किरणोत्सर्ग नाही, आणि क्ष-किरण चित्रात जे कित्येक वर्षांनी उमटते ते येथे आधी दिसते. हाडाच्या मगजात दाहामुळे साठलेले पाणी स्टर नावाच्या चित्रमालिकेत पांढरे चमकते, आणि जुन्या दाहाच्या जागी साठलेली चरबी टी-वन मालिकेत. २००९ साली आलेल्या नव्या वर्गीकरण निकषांत एमआरआयला स्थान मिळाले, ते यामुळेच. तथापि एमआरआय झाला म्हणजे निदान झाले, असा जो समज आपल्या जिल्ह्यात पसरत आहे तो बरोबर नाही. धावपटूंमध्ये आणि नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांमध्येही या सांध्यांत तसाच पांढरेपणा दिसू शकतो. बाळंतपणानंतर कंबर दुखते म्हणून बाहेर एमआरआय काढून, अहवालातील एका ओळीने घाबरून आमच्याकडे आलेल्या भगिनी आम्ही पाहिल्या आहेत. चित्र कोणाचे आहे आणि त्याआधी काय होते, हे ठाऊक असल्यावाचून वाचलेले चित्र पुष्कळदा दिशाभूल करते.

आपल्याकडे एमआरआय यंत्र नाही. ते असावे असे आम्हांस वाटते काय, असा प्रश्न देणगीदारांकडून येतो. वाटते. पण यंत्राच्या किमतीबरोबर देखभाल करार, घसारा आणि तज्ज्ञांचे मानधन हेही पाहावे लागते, आणि एवढ्या रुग्णसंख्येवर ते आज झेपणारे नाही. बाहेरच्या केंद्राशी सवलतीचा करार आहे, तो पुरेसा आहे. येथे एक गोष्ट जरा मोकळेपणाने बोलतो. यंत्रावर देणगीदाराच्या नावाची पाटी लागते, फुले वाहून उद्घाटन होते. मांडणी, कपाट आणि सर्व्हर यांवर आपले नाव लावावे असे आजवर कोणीही सुचविलेले नाही.

संगणक आल्याने हा प्रश्न सुटला असे कोणास वाटल्यास, तसे झालेले नाही. डिजिटल पद्धत आली तेव्हा आम्ही निर्धास्त झालो होतो. पुढे पुरवठादार बदलला, आणि जुन्या यंत्रणेतील चित्रे नव्या यंत्रणेत उघडेनात. ती परत मिळविण्यास दीड वर्ष व बराच पत्रव्यवहार लागला. चित्रे साठविण्याचा डायकॉम हा जागतिक प्रमाणित साचा १९९३ पासून उपलब्ध आहे. करारात 'सर्व चित्रे या साच्यात परत देणे बंधनकारक' असे एक वाक्य आम्ही घातले नव्हते. आता प्रत्येक निविदेत ते असते. उष्णतेवर छापल्या जाणाऱ्या कोरड्या फिल्म उन्हात ठेवल्यास काळवंडतात. रुग्णाला दिलेली सीडी पुढे कोणाच्याच संगणकात जात नाही. आणि ट्यूबलाइटसमोर धरून मोबाइलवर काढलेल्या फोटोत मणक्याचा कोपरा शून्य की एक, हे देवालाही सांगता येणार नाही. आयुष्मान भारत डिजिटल मिशनच्या आभा क्रमांकामुळे नोंदी जोडल्या जातील, हे खरे. पण त्या रचनेत मूळ चित्र ज्या रुग्णालयाने काढले त्याच्याचकडे राहते. म्हणजे जपणूक पुन्हा आपल्याच गळ्यात.

आमच्या क्ष-किरण तंत्रज्ञांचा येथे उल्लेख न केल्यास अन्याय होईल. मानेचे बाजूचे चित्र काढताना खांदे आड येतात आणि खालचे मणके झाकले जातात. रुग्णाला खांदे खाली सोडावयास लावून, त्याच अंतरावरून, त्याच उंचीवर चित्र काढले तरच ते मागच्या चित्राशी जुळते. पाठ जखडलेल्या माणसाला असे उभे करणे सोपे नसते. तंत्रज्ञांनी भिंतीवर रंगाच्या खुणा केल्या आहेत आणि प्रत्येक रुग्णाच्या पाकिटावर अंतर लिहून ठेवतात. हे त्यांना कोणी सांगितलेले नाही.

जुन्या पाकिटाचा एक अनपेक्षित उपयोगही आम्हांस कळला. जुळलेला कणा ठिसूळ असतो. घरात पाय घसरून बसले तरी मोडू शकतो, आणि साध्या चित्रात तो मोड दिसतोच असे नाही. अशा माणसाची मान आधीपासूनच पुढे वाकलेली असते. ती सरळ करून पट्ट्यात बसविल्यास मज्जारज्जूला इजा होऊ शकते. पूर्वीची मान कशी होती, हे पाकिटातली फिल्म अपघात विभागाला दाखविते. म्हणून ही पाकिटे रात्रपाळीलाही मिळतील अशी व्यवस्था केली आहे.

आता सभेपुढील प्रत्यक्ष प्रश्न. तळमजल्यावरील अभिलेख कक्ष रिकामा करून तेथे दोन विशेष खोल्या कराव्यात, अशी सूचना मंडळापुढे आली आहे. ती आर्थिकदृष्ट्या चुकीची नाही. खोलीभाड्याचा अंदाज आम्हीच तयार करून दिला आहे आणि तो आकर्षक आहे. तरीही ही सूचना स्वीकारू नये, अशी प्रशासनाची विनंती आहे. तीन वर्षांची मुदत नियमाला पुरते. दोन वर्षांच्या पावलांनी चालणाऱ्या आजाराला तीन वर्षांत एकच तुलना मिळते. मणक्याच्या दाहात्मक संधिवाताच्या रुग्णांची चित्रे, फिल्म असो वा डिजिटल, रुग्ण हयात असेपर्यंत निकाली काढू नयेत, असा ठराव आम्ही मांडीत आहोत. सर्वच रुग्णांची सर्वच चित्रे ठेवावीत असे आमचे म्हणणे नाही. तेवढी जागाही नाही आणि गरजही नाही. हाड मोडून जुळलेल्या मनगटाची फिल्म खुशाल जावी.

या रुग्णांसाठी एक स्वतंत्र नोंदवही ठेवली आहे. तीत पहिले चित्र, पुढील चित्राचा महिना, चोवीस कोपऱ्यांची बेरीज आणि शेजारी मागील बेरीज, असे रकाने आहेत. वर सांगितलेल्या गृहस्थांच्या पाकिटात आज २००९, २०११, २०१४, २०१७, २०१९ आणि २०२२ ही चित्रे आहेत. २०१४ नंतर बेरजेत फारसा फरक पडलेला नाही. ते आता एका मालवाहतूक कार्यालयात नोंदणीचे काम करतात. दरवेळी आल्यावर ते रेकॉर्ड रूमच्या खिडकीशी थांबून आपले पाकीट जागेवर आहे ना, याची विचारणा करतात, आणि कारकून ते काढून दाखवितात.

कक्षाच्या उत्तरेकडील भिंतीला पावसाळ्यात ओल येते. तिच्या दुरुस्तीचे अंदाजपत्रक ठरावासोबत जोडले आहे.